शेवटचा नंबर कोलशेतचा

॥ श्री गावदेवी प्रसन्न ॥
कोलशेत, ठाणे
९ जानेवारी २०२४

चि. देवेश यास आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तुझं पत्र पोचलं. दोन ओळींचं. ‘मी मजेत आहे, काम खूप आहे’ एवढंच लिहायचं होतं तर पोस्टमनला कशाला दमवलंस? तेवढं तर तू फोनवर पण सांगतोस, आणि मग ‘आजी, मीटिंग आहे’ म्हणून ठेवून देतोस. म्हणून तर तू डोंबिवलीला खोली घेतलीस तेव्हा मी अट घातली, की पंधरा दिवसांतून एक पत्र आलंच पाहिजे. फोन ठेवला की संपला. पत्र मी तीनदा वाचून घेते आणि चौथ्यांदा स्वतः म्हणून दाखवते.

तू विचारलंस, हल्ली तुझी पत्रं एवढ्या देखण्या अक्षरात कशी येतात. आपली रुचिता लग्न होऊन ऐरोलीला गेली, तेव्हापासून माझा लिहिणारा हात गेला. आता समोरच्या टॉवरमधली सुहासिनीबाय लिहून देते. सातव्या मजल्यावर एकटीच राहते. ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सव्वीस वर्षं कानाला डबडं लावून बसलेली बाई, त्यामुळे दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय आहे. मी ‘नाय’ म्हटलं की ती ‘नाही’ लिहिते. मी म्हटलं, लिही बाय, पोराला वाटू दे की आजी म्हातारपणी शाळेत जायला लागली.

तुझ्या बापाचं तेच चालू आहे. फेब्रुवारीपर्यंत पोराची नोकरी पक्की झाली नाही, तर त्याला आपल्या खडी-वाळूच्या ट्रकांवर आणून बसवतो म्हणतो. मी म्हटलं, जगन, त्या कामाला तुझ्यासारखं पोट लागतं, ते त्याच्याकडे कुठे आहे? रागावला. पण जेवला दोन भाकऱ्या जास्त.

गावात मला विचारतात, तुमचा नातू मानपाड्याच्या कंपनीत काय करतो? मी म्हणते, टेलिफोनचं. मग विचारतात, खांबावर चढतो का? तर मला नीट लिहून कळव, तू चढतोस की नाही.

आणखी एक गंमत. आपल्या घरच्या फोनला नव्या वर्षात कंठ फुटलाय. सहा महिने मुका होता, तुझ्या आईने त्यावर फडकं टाकून ठेवलेलं. आता सकाळी दहा-अकराच्या सुमाराला वाजतो. कुणी विचारतं एक्स-रे तयार झाला का, कुणी विचारतं डोळ्यांचे डॉक्टर आलेत का. एकाला मी सांगितलं, डॉक्टर इथे नाहीत, पण तुला सापडले तर माझे पण डोळे दाखवायचे आहेत, निरोप दे. तो बिचारा ‘बरं’ म्हणाला.

जेवत जा. लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवलास तर ठेवायला घरात जागा आहे.

तुझी आजी, सखुबाई
(सहीच्या जागी अंगठा. भाकरीचं पीठ लागलंय, पुसून घे.)

*

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
१४ जानेवारी २०२४

ती. आजीस देवेशचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

या वेळी पत्र मोठं लिहितोय, नाहीतर तू मला गावभर बदनाम करशील.

मी खांबावर चढत नाही. आधी तेच सांगून टाक सगळ्यांना. मोठ्या हॉस्पिटलला किंवा ऑफिसला बाहेरून टेलिफोनची जी मुख्य लाइन येते तिला ट्रंक लाइन म्हणतात. पूर्वी एका तारेवरून एका वेळी एकच माणूस बोलायचा. आता एकाच डिजिटल लाइनवरून एकदम तीस जणं बोलतात आणि कुणाचं बोलणं कुणात मिसळत नाही. कल्याणच्या एका हॉस्पिटलला अशा दोन लाइनी आहेत. कुठली मोकळी, कुठली बंद पडली, आलेला कॉल कुठल्या खिडकीला द्यायचा, हे सगळं बघणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. ते एकसंध नाही, तुकड्यातुकड्यांचं आहे. एक तुकडा लाइनींवर नजर ठेवतो, एक कॉल वळवतो, एक नोंदी करतो. त्यांना मॉड्यूल म्हणतात. एक काढून दुरुस्त केला तरी बाकीचे चालूच राहतात.

त्यातला कॉल वळवणारा तुकडा माझा आहे, आजी. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी एकट्याने लिहिलेला. आमचे सलिल सर सहसा कुणाला शाबासकी देत नाहीत, पण हा बघून त्यांनी मला स्वतःच्या डब्यातला शिरा दिला.

एक जानेवारीपासून हॉस्पिटलमध्ये त्याची ट्रायल चालू आहे. पंधरा फेब्रुवारीला तिथल्या लोकांनी पसंत केलं की माझी नोकरी पक्की. बाबांना म्हणावं, ट्रक धुऊन ठेवू नका. दोन आठवड्यांत एकही कॉल हरवलेला नाही. पडद्यावर ‘हरवलेले’च्या पुढे शून्य दिसतो. मी रोज सकाळी तो बघतो आणि मगच चहा पितो.

तुझे ते फोन राँग नंबर असणार. उचलत जाऊ नकोस, उगाच तुला धावपळ. जेवण ठीक आहे. खाली एक मावशी डबा देतात, पण भाकरी तुझ्यासारखी नाही. हे आईला वाचून दाखवू नका.

सुहासिनीताईंना नमस्कार. तुझा लोभ मला पुरून उरतो, तरी मागतोच.

तुझा, देवेश

*

कोलशेत
२० जानेवारी २०२४

चि. देवेश यास आशीर्वाद, आणि तुझ्या त्या तुकड्याला पण. वि. वि.

भाकरीचं वाक्य मालनने ऐकलं. मी काय करणार, सुहासिनीबाय खणखणीत वाचते. तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी माझ्याच हातची भाकरी मागून घेतली.

तुझं काम मला समजलं. तुला वाटेल म्हातारी थापा मारते. तुझे आजोबा परशुराम मिठागरावर होते. खाडीचं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सोडायचे. एकाचा बांध फुटला तर तेवढंच बंद करायचे, बाकीच्यांत मीठ पिकत राहायचं. तुझं तसंच ना? सुहासिनीबाय म्हणाली, अगदी तसंच. मग तिला मी म्हटलं, एवढं सोपं होतं तर पोराने एवढी वर्षं इंजिनिअरिंग कशाला केलं?

फोन उचलू नकोस म्हणतोस. अरे, वाजणारा फोन आणि रडणारं पोर, दोघांना तसंच ठेवून मला घास जात नाही. आता तर मी फोनजवळ स्टूलच घेतलंय. तिथेच लसूण सोलते. मालन म्हणते, सासूबाईंनी दवाखाना उघडलाय. दिवसाला एक तरी येतोच, बाजाराच्या दिवशी दोन.

मी आधी गाव विचारते. गाव कळल्याशिवाय माणसाशी बोलायचं कसं? मग नाव, मग काम. मग सांगते, हे कोलशेतचं घर आहे, हॉस्पिटल नाही. बहुतेक जण ‘सॉरी’ म्हणून ठेवतात. मुरबाडकडचे एक विश्राम नावाचे गृहस्थ मात्र मोठे बोलघेवडे. बायकोच्या रक्ताच्या तपासणीचं विचारायचं होतं. ते राहिलं बाजूला, आम्ही वालाच्या पिकावर बोललो. त्यांच्याकडे यंदा शेंगा चांगल्या धरल्यात.

परवा एक मंजुळा नावाची बाई होती. तिचा आवाज अजून कानात आहे. पण ते पुढच्या वेळी सांगेन, सुहासिनीबायचा हात दुखायला लागला. खरं तर ती मघापासून लिहिता लिहिता मध्येच थांबते आणि खिडकीबाहेर बघते. काय झालं विचारलं तर ‘काही नाही’ म्हणते. तिला तुझ्यासारखी मीटिंग असावी.

इथे सगळ्यांचा लोभ आहे. तुझ्या बापाचा पण आहे, तो फक्त दाखवायचा राहतो.

तुझी आजी, सखुबाई (अंगठा)

*

कोलशेत, ठाणे (प.)
२१ जानेवारी २०२४

चि. देवेश यास सुहासिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आजवर मी तुझ्या आजीचा हात म्हणून लिहिले, आज प्रथमच माझे स्वतःचे लिहिते आहे. हे पत्र सखुबाईंना ठाऊक नाही. ठाऊक करायचे की नाही हे तू ठरव.

गेले तीन दिवस मी मुद्दाम साडेदहाला खाली तुमच्या घरी जाऊन बसले आणि फोन स्वतः घेतला. जो बोलेल त्याला मी विनंती केली, की आपण कोणता नंबर लावलात तो आकड्या-आकड्याने सांगा. पाच जणांनी सांगितला. पाचही जणांनी कल्याणच्या एकाच हॉस्पिटलचा नंबर लावला होता, आणि तो बरोबर लावला होता. राँग नंबर म्हणजे लावणाऱ्याचा आकडा चुकलेला असतो. इथे एकाचाही आकडा चुकलेला नाही.

मी ट्रंक बोर्डावर, लांबचे कॉल जोडून देत, उमेदीची वर्षे काढली. आमच्याकडे सगळ्या जणी गुंतल्या असल्या की कॉल ओळीत शेवटी बसलेल्या बाईकडे जाई. ती बाई मी बरीच वर्षे होते, म्हणून मला हे लवकर उमगले असावे. तुझ्या व्यवस्थेतही असा कोणीतरी शेवटचा असणार. तो कोण आहे, एवढे पाहा.

तुझ्या पडद्यावर शून्य दिसतो असे तू लिहिलेस. ते वाक्य मी तुझ्या आजीला तीन वेळा वाचून दाखवले आणि तिन्ही वेळा त्यांना फार आनंद झाला. म्हणून लिहिण्यावाचून राहवले नाही.

तू हुशार आहेस आणि चूक माझीही असू शकेल. तसे असल्यास म्हातारीला क्षमा कर. नसल्यास उशीर करू नकोस.

तुझ्याविषयी जो स्नेह या पत्रांतून जडला, तो यानंतरही राहील असे धरून चालते.

सुहासिनी

*

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
२४ जानेवारी २०२४

ती. आजीस साष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र सुहासिनीताईंनाच वाचू दे, आणि बाबा घरात नसताना.

तुझ्याकडे येणारे फोन माझ्यामुळे येत होते. हॉस्पिटलच्या चौकशी खिडकीवर तीन फोन आहेत. तिन्ही अडकले की माझ्या मॉड्यूलने कॉल ‘शेवटच्या नंबरा’कडे पाठवायचा असतो. एका लाइनीने आत आलेला कॉल दुसऱ्या लाइनीने बाहेर. ऑक्टोबरमध्ये इथे बसून तपासणी करत होतो तेव्हा तिथे टाकायला एक खरा नंबर हवा होता. माझ्या मोबाइलमध्ये सहाशे नंबर आहेत आजी, पण मला पाठ एकच आहे. पाच वर्षांचा असताना मी जत्रेत हरवलेलो, आठवतं? नंतर आठवडाभर तू मला मांडीवर घेऊन घरचा नंबर घोकून घेतलेलास, ओवीसारखा चालीत. बोटांनी आपोआप तोच टाकला. नंतर तो काढायचा होता. राहिला.

आणि कॉल बाहेर पाठवला की माझा तुकडा नोंदीवाल्या तुकड्याला फक्त ‘पोचला’ एवढंच कळवतो. कुठे पोचला, कुणाचा होता, काही नाही. म्हणून शून्य दिसायचा. तोच बघून मी चहा प्यायचो.

काल सकाळीच नंबर बदलला. आता तो कॉल चौथ्या एका फोनवर जातो. तुला यापुढे त्रास होणार नाही. सलिल सरांना सगळं सांगितलं. त्यांनी डोकं धरलं आणि म्हणाले, दुरुस्त झालंय ना? मग पंधरा तारखेपर्यंत तोंड बंद ठेव. हॉस्पिटलला कळलं तर ट्रायल गेली, आणि ट्रायल गेली तर तुझी नोकरी मला पण वाचवता येणार नाही.

मला ते पटलं. निदान काल पटलेलं. चूक दुरुस्त झाली, कुणाला इजा झाली नाही, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. तू बाबांना काही सांगू नकोस.

ताईंना सांग, चूक त्यांची नव्हती. रागावली असलीस तरी लोभातून वजा करू नकोस.

देवेश

*

कोलशेत
२८ जानेवारी २०२४

चि. देवेश यास नेहमीएवढेच आशीर्वाद, मोजून घे. वि. वि.

फोन बंद झाला. मंगळवारपासून एकदाही वाजला नाही. मालनने त्यावर पुन्हा फडकं टाकलं. मी लसूण आता ओट्यावर बसून सोलते, आणि लवकर संपतो.

रागावले नाही. उलट हसले. मी तुला नंबर शिकवला तो तू हरवलास तर घरी यावास म्हणून. तू कल्याण-मुरबाड-शहापूरची सगळी हरवलेली माणसं माझ्या दारात आणून सोडलीस! बरं, आली ती आली. पण तू लिहितोस कुणाला इजा झाली नाही. हे तुला कोणी सांगितलं? तुझ्या शून्याने?

आता मंजुळाचं ऐक. आसनगावच्या पलीकडचं कुठलं तरी गाव, नाव खाली यादीत आहे. तिच्या नवऱ्याच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं. बुधवारी आणायचं की शुक्रवारी, एवढंच तिला विचारायचं होतं. गाडी सांगायची होती. मी म्हटलं, बाय, हे हॉस्पिटल नाही. तर ती म्हणाली, चुकून लागला, माफ करा. देवेश, तिचं काहीच चुकलं नव्हतं आणि ती माझी माफी मागून गेली. आणि मी पण म्हटलं, असू दे, होतं असं. तेव्हापासून ते ‘असू दे’ माझ्या घशात अडकलंय.

पाकीट जाड का लागतंय ते बघ. सोबत यादी आहे, तेवीस माणसांची. मी काल दुपारी जेवण झाल्यावर सांगायला बसले आणि चहाच्या वेळेला संपवली. गाव, नाव, काय विचारलं, कुठल्या आठवड्यात. सुहासिनीबायने घेतलेल्या पाच जणांची गावं-नावं तिने त्याच दिवशी मला सांगितलेली, ती पण यात आली. तिने माझी दोनदा उलटतपासणी घेऊन बघितली, मधलंच नाव विचारायची. चुकले नाही. तिला नवल वाटलं. मला कसलं आलंय नवल? ज्याला लिहिता येत नाही त्याला विसरून चालत नाही. तेविसातले तिघे फक्त ‘हॅलो’ म्हणून ठेवणारे होते, त्यांचं गाव कळलं नाही, त्यांना मी ‘खोकणारा’, ‘घाईवाली’ आणि ‘मागे कोंबडा ओरडत होता तो’ असं लिहायला लावलंय.

तुझ्या सरांचं पण बरोबर असेल. नोकरी तुझी, तुकडा तुझा. काय करायचं ते मी सांगणार नाही. सांगितलं असतं, पण मग पुढे कधी रात्री जेवताना तुला वाटलं असतं, की आजीने सांगितलं म्हणून नोकरी गेली. ते खापर मला नको. यादी मी टाकून देणार होते, पण एवढं अक्षर चांगलं आलंय तर म्हटलं पाठवून द्यावी.

जगनला सांगितलेलं नाही. ते पण तुझंच काम.

तुझा लोभ वजा-बिजा काही केला नाही. मला कुठे येते वजाबाकी.

आजी (अंगठा, या वेळी स्वच्छ)

*

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
६ फेब्रुवारी २०२४

ती. आजीस साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझी यादी मी तीन दिवस बॅगेत घेऊन फिरलो. चौथ्या दिवशी सरांना सांगितलं की मी कल्याणला जातोय. त्यांनी मान खाली घालून आपलं काम पुढे चालू केलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

हॉस्पिटलचा कारभार मैथिली मॅडम बघतात. पन्नाशीच्या असतील, फार कमी बोलतात. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, जत्रा सोडून. त्यांनी विचारलं, किती कॉल? मी म्हटलं तेवीस. नोंद आहे? मी यादी पुढे ठेवली. त्यांनी सगळी वाचली. कोंबड्यापाशी त्या थांबल्या. मग विचारलं, ही कुणी केली? मी म्हटलं, माझ्या आजीने, ऐकून. तिला लिहिता येत नाही. त्यांनी यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

मग त्यांनी दोन माणसं बोलावली आणि आम्ही जुने कागद काढायला बसलो. एकाच नावाची माणसं ढिगाने निघतात आजी, पण गाव जुळलं की कागद लगेच सापडतो. एकोणीस जण सापडले. बरेच जण नंतर स्वतःच येऊन गेलेले. विश्रामकाकांना मी फोन केला, त्यांनी तुझी चौकशी केली आणि वाल पाठवतो म्हणाले. मंजुळाबाईंचा नवरा बुधवारी यायचा होता. तो आलाच नव्हता. त्याच्या कागदावर ‘गैरहजर’ असं लिहून टाकलेलं. आता येत्या शुक्रवारी, नऊ तारखेला, त्याचं ऑपरेशन ठरलंय आणि हॉस्पिटलची गाडी आणायला जाणार आहे.

मी कागदांत बसलेलो तेव्हा दुपारी दारात सलिल सर. शेजारी बसले आणि ढीग उचलला.

आता वाईट बातमी. ट्रायल पंधराला संपणार नाही. मॅडमनी ती बारा मार्चपर्यंत वाढवली, तोपर्यंत नोकरी कच्चीच. त्यांच्या दोन अटी आहेत. शेवटच्या नंबरावर नुसता फोन नको, हॉस्पिटलमधलं जिवंत माणूस हवं. आणि तिथे पोचलेल्या प्रत्येक कॉलची वेगळी नोंद व्हायला हवी. माणूस मिळालं, जागृती नावाची मुलगी, टिटवाळ्याहून येते. मॅडमनी तिला तुझ्या यादीची प्रत दिली आणि सांगितलं, असं ऐकायचं. नोंदीचा नवा तुकडा मी लिहितोय. बारा तारखेला अकरा ते बारा चौकशीचे तिन्ही फोन मुद्दाम अडकवून ठेवणार आणि बाहेरून येणारा एकेक कॉल तपासणार. त्या तासात एक जरी सुटला तरी संपलं.

बाबांना मी स्वतः फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘हं.’ मग म्हणाले, ‘बघू.’ याचा अर्थ तूच लावून कळव.

तू त्या दिवशी काही करू नकोस. खरंच सांगतो.

लोभ आहे हे यादीवरून कळलंच, म्हणून आज मागत नाही.

देवेश

*

कोलशेत
१३ मार्च २०२४

चि. देवेश यास उदंड आशीर्वाद. वि. वि.

मंजुळाच्या नवऱ्याची पट्टी निघाली हे तू मागच्या पत्रात लिहिलंस, त्या दिवशी मी सुहासिनीबायला शेवयांची खीर खायला घातली. तिला साखर वर्ज्य आहे. तिने दोन वाट्या खाल्ल्या आणि मला म्हणाली, हे लिहायचं नाही. लिहिलं ना बाय? लिहिलं.

तुझ्या बापाच्या ‘बघू’चा अर्थ लागला. ट्रकांसाठी त्याने दुसरा माणूस ठेवला. मालनने विचारलं, देवेशसाठी थांबणार होतात ना? तर म्हणाला, तो कुठला येतोय, तो स्वतःच्या चुका स्वतः सांगत फिरतो, असलं माणूस आपल्या धंद्यात काय कामाचं? आणि हे सांगताना हसत होता. गेल्या चार दिवसांत त्याने हे वाक्य अख्ख्या गावात ऐकवलंय.

आता कालचं. तू मला काही करू नकोस म्हणाला होतास. मी काही केलं नाही. हॉस्पिटलचा नंबर सुहासिनीबायने लावला. मी फक्त बोलले.

सव्वाअकरा झाले असतील. आधी एक बाई बोलली, ती खरी नव्हती, आत भरून ठेवलेली, ‘कृपया थांबा’ म्हणणारी. मी म्हटलं, थांबते की. मग घंटा वाजली. एक वाजली, दोन वाजल्या, तीन वाजल्या. सुहासिनीबाय माझा हात धरून उभी, ती मला म्हणे घाबरू नका आणि तिचाच हात गार. पाचव्या घंटेला एका मुलीने उचलला. नमस्कार, मी जागृती बोलते, कुठल्या गावाहून बोलताय?

आणि देवेश, मला काही सुचेना. चार दिवस ठरवून ठेवलेलं, की गुडघा दुखतो म्हणून सांगायचं. सगळं विसरले. आयुष्यात पहिल्यांदा विसरले. मी म्हटलं, बाय, मी कोलशेतची. नाव सांगितलं नाही. ती म्हणाली, बोला आजी, घाई करू नका, मी आहे इथे. मग आता काहीतरी विचारायला हवं, म्हणून मी विचारलं, तुमच्याकडे देवेश डॉक्टर आहेत का?

तिने शोधलं. खरंच शोधलं, मला कागदांची सळसळ ऐकू आली. म्हणाली, देवेश नावाचे डॉक्टर नाहीत आजी. फोनचं काम बघणारे एक देवेश आहेत, ते इथेच पलीकडे उभे आहेत. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही त्यांनी. देऊ का त्यांना?

सुहासिनीबाय मान हलवून ‘हो म्हणा, हो म्हणा’ करत होती. निकाल काय लागला ते तू सावकाश लिही, तुझ्या मॅडम काय म्हणाल्या ते पण लिही. मला माझ्यापुरता काल सव्वाअकरालाच कळला. मी त्या पोरीला म्हटलं, नको बाय, त्याला त्याचं काम करू दे. आणि तू पण मला आता ठेव. माझ्यामागे कुणीतरी लांबून लावून खोळंबलं असेल, त्याचा घे.

लोभ कुठे पाठवायचा ते तुला माहीत आहे.

तुझी आजी, सखुबाई
(अंगठा. शेजारचा सुहासिनीबायचा आहे, तिला पण लावायचा होता.)